धोरण शोधायचं असेल तर मुलाचं वेळापत्रक मागा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एम.एड.च्या प्रबंधासाठी तुम्ही अमेरिकेतल्या लॅटिनो, म्हणजे मुळात मेक्सिको आणि बाकीच्या लॅटिन अमेरिकेतल्या घरांच्या, विद्यार्थ्यांचा अभ्यास करताय. शाळा फुकट, पुस्तकं फुकट, गरीब मुलांना जेवणही फुकट, कायदा सगळ्यांना सारखा. तरी लॅटिनो मुलं मागे आणि भारतीय-चिनी मुलं पुढे. मग यात सरकारी शिक्षणधोरणाचा वाटा असा कितीसा? घरची गरिबी, पालकांचं शिक्षण आणि भाषा हीच खरी कारणं नव्हेत का?

मी मूळची सांगलीकडची. २००६ पासून टेक्सासच्या सरकारी शाळांत शिकवते आहे. पहिली दहा वर्षं फक्त गणित, नंतर गणिताबरोबरच इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांचं काम. माझ्या वर्गात दहातली सात-आठ मुलं लॅटिनो असतात. त्यामुळे पुढे जे लिहिते आहे, ते बहुतेक फळ्यासमोर उभं राहून दिसलेलं आहे.

तुमच्या प्रश्नात एक अडचण आहे, ती आधी सांगते. ‘धोरण की घर’ अशी तुम्ही दोन ताटं वेगळी मांडलीत. वर्गात ती तशी वेगळी येत नाहीत. घरी स्पॅनिश बोलतात ही घरची गोष्ट. पण त्यापायी मुलीला बीजगणिताच्या वर्गात बसायला मिळालं नाही, तर ती शाळेची गोष्ट झाली. आई दोन ठिकाणी कामाला जाते ही घरची गोष्ट. तिच्या चार वर्षांच्या मुलाला बालवाडी अर्धा दिवस मिळते की पूर्ण दिवस, हे राज्य ठरवतं (टेक्सासने गरीब घरांतल्या आणि इंग्रजी न येणाऱ्या चार वर्षांच्या मुलांसाठी ती पूर्ण दिवसाची केली, तीही २०१९ साली). घरच्या परिस्थितीपायी मुलाला किती सोसावं लागेल, हे धोरणाच्या हातात असतं. आणि ते धोरण मुलापर्यंत पोहोचतं ते तासांच्या रूपाने: दिवसातले सात-आठ तास तो कुठल्या खोलीत, कुणासमोर, कुठला विषय शिकत बसतो. म्हणून नवं मूल वर्गात आलं की मी त्याच्या गुणपत्रिकेआधी त्याचं वेळापत्रक मागून घेते.

आता परिस्थितीनुसार काय काय बदलतं, तेही बघा. पहिलं म्हणजे ‘लॅटिनो’ हा एक समाज नाही. चार पिढ्या टेक्सासच्या सॅन अँटोनिओत राहिलेलं, स्पॅनिश फक्त आजीशी मोडकंतोडकं बोलणारं मूल लॅटिनो. प्वेर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेलं, जन्मापासून अमेरिकन नागरिक असलेलं मूलही लॅटिनो. आणि ग्वातेमालाच्या डोंगरातून आलेलं, घरी माम किंवा किचे बोलणारं, जिथे स्पॅनिशसुद्धा दुसरी भाषा आहे, तेही लॅटिनोच. लॅटिनो मुलांपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त मुलं अमेरिकेतच जन्मलेली आहेत. त्यामुळे ‘स्थलांतरित मुलांचा प्रश्न’ असं सरसकट लिहू नका. दुसरं, अमेरिकेत एक शिक्षणधोरण असं काही नाहीच. ५० राज्यं, सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट (आपापल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक मंडळं), आणि शाळांच्या खर्चात केंद्राचा वाटा साधारण दहावा हिस्सा. ॲरिझोनात जे झालं ते टेक्सासला लागू नाही.

आणि भारतीय मुलांशी तुलना. ही तुलना आपले लोक फार करतात, म्हणून स्पष्टच लिहिते. आपण इथे आलो ते व्हिसाच्या चाळणीतून. पदवी, इंग्रजी, नोकरी हातात असलेल्यांनाच त्या चाळणीने आत घेतलं. माझ्या ओळखीच्या मराठी घरांत पदवी नसलेला बाप शोधून सापडणार नाही. ती चाळणीही सरकारी धोरणच आहे, फक्त शिक्षणखात्याचं नाही. बीड जिल्ह्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांची मुलं आणि पुण्यातल्या अभियंत्यांची मुलं यांचे गुण शेजारी ठेवून कुणी ‘संस्कारा’बद्दल बोललं, तर तुम्हाला जे वाटेल तेच मला ही तुलना ऐकताना वाटतं.

एक आकडा मात्र नीट लक्षात ठेवा. चार वर्षांत हायस्कूल पूर्ण करणाऱ्या लॅटिनो मुलांचं प्रमाण २०१०-११ मध्ये ७१ टक्के होतं, २०१८-१९ मध्ये ते ८२ टक्के झालं. आठ वर्षांत एखाद्या समाजाचं घर, भाषा, संस्कृती एवढी बदलत नाही. म्हणजे काहीतरी शाळेच्या बाजूने बदललं. ते सगळंच शिकण्यातून आलं असंही मी म्हणणार नाही. या काळात काही ठिकाणी हायस्कूल पूर्ण करण्याच्या अटी सैल झाल्या, टेक्सासने २०१५ मध्ये शेवटच्या परीक्षेत अडकलेल्यांना शाळेतल्या समितीने पात्र ठरवायची वाट उघडली. दुसऱ्या बाजूला, २०२२ च्या राष्ट्रीय चाचणीत चौथीच्या वाचनात ‘प्रवीण’ पातळी गाठणारी लॅटिनो मुलं जेमतेम पाचातलं एक होती. म्हणजे शाळेत टिकणं वाढलं, वाचन तेवढं वाढलं नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवून विचार केलात तर तुमच्या प्रबंधाला धार येईल.

आता वेळापत्रकाकडे येते. एक मुलगी सांगते. तिचं नाव इथे मारिसोल ठेवते, ते खरं नाव नाही. मेक्सिकोतल्या सान लुइस पोतोसीहून आली, वय चौदा, आठवीत दाखल. तिकडच्या ‘सेकुंदारिया’ची, म्हणजे सातवी ते नववीच्या शाळेची, दोन वर्षं झालेली. आमच्या शाळेने तिला इंग्रजीचे दोन तास लावले, ते योग्यच होतं. पण गणितात तिला कच्च्या मुलांच्या वर्गात बसवलं. पहिल्याच आठवड्यात त्या वर्गातल्या शिक्षिकेने तिचा भागाकाराचा पेपर मला दाखवला. पायऱ्या दाखवलेल्या नाहीत म्हणून गुण कापले होते. मी कागद बघितला. मेक्सिकोत मुलांना भागाकार करताना वजाबाकी मनात करून फक्त बाकी लिहायला शिकवतात. इथे प्रत्येक वजाबाकी खाली मांडून दाखवावी लागते. उत्तर बरोबर, रीत तिच्या शाळेची. मला ते चटकन कळलं, कारण मी स्वतः भाजक डावीकडे आणि भागाकार उजवीकडे लिहायला शिकले, आणि इथे आल्यावर भागाकार डोक्यावर चढवायला मला महिनाभर लागला होता. मधल्या सुट्टीत तिला बोलावून एका कागदावर दोन चलांची समीकरणं दिली. अक्षर बारीक, पेन्सिल दाबून लिहायची सवय. आठ मिनिटांत चारही सोडवून तिने कागद माझ्याकडे सरकवला आणि बोटाने पुढच्या पानाची खूण केली, अजून आहेत का म्हणून.

मग तिला बीजगणितात का टाकलं नव्हतं? कुणाच्या मनात आकस नव्हता. इंग्रजीचा दुसरा तास आणि आठवीच्या बीजगणिताचा एकमेव तास एकाच वेळी होता. वेळापत्रक बनवणाऱ्या यंत्रणेत ‘इंग्रजी शिकणारे’ असा शिक्का असला की इंग्रजीचा तास आधी बसतो, उरलेल्या जागांत बाकीचं. आठवीत बीजगणित हुकलं की बारावीपर्यंत कॅल्क्युलसला पोहोचणं अवघड होतं, आणि अभियांत्रिकीचं दार तिथेच अर्धं लोटलं जातं. मारिसोलचं सुदैव एवढंच की ऑक्टोबरमध्ये तास फिरवून घेता आले. बारावीला ती कॅल्क्युलसच्या वर्गात होती. पण शिक्षिकेच्या ओळखीवर आणि एखाद्या मधल्या सुट्टीवर जे अवलंबून आहे, त्याला मी व्यवस्था म्हणणार नाही. २०२३ मध्ये टेक्सासने कायदा केला: पाचवीच्या गणितात वरच्या ४० टक्क्यांत असलेल्या प्रत्येक मुलाला सहावीत आपोआप प्रगत गणितात बसवायचं, नको असेल तर पालकांनी तसं कळवायचं. आधी उलटं होतं. शिक्षकाने शिफारस करायची किंवा पालकाने येऊन मागायचं. मागायला कोण येतं? ज्याला मागता येतं हे माहीत आहे, ज्याला इंग्रजीत ईमेल लिहिता येतो आणि दुपारी दोन वाजता कामावरून सुटता येतं तो. बाहेर पडायचं असेल तर अर्ज करा, आत यायला अर्ज नको, एवढाच त्या कायद्यातला फरक आहे आणि गेल्या वीस वर्षांत मी बघितलेल्या सगळ्या सुधारणांत तो मला सर्वांत जास्त आवडलेला आहे.

भाषेच्या नावाखाली मुलांना वेगळं बसवण्याची गोष्ट इथे फार जुनी आहे. कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज परगण्यात मेक्सिकन मुलांसाठी वेगळ्या शाळा होत्या. कारण दिलं जायचं इंग्रजीचं, पण मुलं वेगळी काढली जायची ती आडनाव आणि रंग बघून, इंग्रजी उत्तम येणारीसुद्धा. मेंडेझ आणि आणखी चार कुटुंबं कोर्टात गेली. १९४६ मध्ये ती जिंकली, १९४७ मध्ये वरच्या कोर्टाने निकाल कायम केला. काळ्या आणि गोऱ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवणारा ब्राउन खटल्याचा प्रसिद्ध निकाल त्यानंतर सात वर्षांनी आला.

पैशाचं प्रकरण समजून घ्यायला एकच खटला वाचा: सॅन अँटोनिओचा, १९७३ चा. शहराच्या पश्चिमेचा एजवूड डिस्ट्रिक्ट, तिथली सुमारे ९० टक्के मुलं मेक्सिकन वंशाची. त्याच शहरातला श्रीमंत डिस्ट्रिक्ट अलामो हाइट्स. शाळांच्या पैशाचा मोठा भाग येतो तो स्थानिक मालमत्ता करातून, आपल्या भाषेत घरपट्टीतून म्हणा. १९६७-६८ मध्ये एजवूडचे लोक शंभर डॉलरच्या मालमत्तेमागे १.०५ डॉलर कर भरत होते, अलामो हाइट्सचे ०.८५. म्हणजे गरीब वस्तीचा दर जास्त. पण एजवूडमध्ये मुलामागे मालमत्ता होती ५,९६० डॉलरची आणि अलामो हाइट्समध्ये ४९ हजारांहून जास्त. त्यामुळे स्थानिक करातून एजवूडच्या मुलाच्या वाट्याला आले २६ डॉलर, अलामो हाइट्सच्या मुलाच्या वाट्याला ३३३. राज्य आणि केंद्राची भर घालूनही हिशेब ३५६ विरुद्ध ५९४ असाच राहिला. १९६८ मध्ये एजवूड हायस्कूलची मुलं वर्गाबाहेर पडली आणि त्यानंतर दिमेत्रिओ रोद्रिगेझ आणि इतर पालकांनी दावा लावला. सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फेटाळला. शिक्षण हा अमेरिकेच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही, हे त्या निकालातलं वाक्य मला आजही पचत नाही. जास्त दराने कर भरणाऱ्या आईबापांना ‘तुम्हाला शिक्षणाची किंमत नाही’ असं ऐकवलं जातं, तेव्हा मी त्यांना हे आकडे वाचून दाखवते.

लढाई मग राज्याच्या कोर्टात गेली. १९८९ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने एजवूडच्या बाजूने एकमताने निकाल दिला, आणि १९९३ पासून श्रीमंत डिस्ट्रिक्टकडून काही पैसा काढून घ्यायची पद्धत सुरू झाली. लोक तिला ‘रॉबिनहूड’ म्हणतात. फरक कमी झाला, संपला नाही. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये वेगळी वाट धरली. गरीब, इंग्रजी शिकणाऱ्या किंवा सरकारने दुसऱ्या कुटुंबात सांभाळायला ठेवलेल्या (फॉस्टर केअरमधल्या) प्रत्येक मुलामागे २० टक्के जास्त निधी, आणि अशी मुलं ५५ टक्क्यांहून जास्त असतील तिथे त्यावर आणखी. या पद्धतीत गरजेचं माप मुलाला लागतं, वस्तीतल्या घरांच्या किमतीला लागत नाही. टेक्सासमध्ये मुलामागचा मूळ निधी २०१९ पासून सहा वर्षं ६,१६० डॉलरवर थांबला होता. २०२५ मध्ये त्यात ५५ डॉलरची वाढ झाली. त्या मधल्या काळात आमच्या मजल्यावरची स्पॅनिश येणारी समुपदेशक गेली, आणि पालकांशी बोलायला मुलांनाच दुभाषी करायची वेळ आली. स्वतःच्या नापासाची बातमी आईला भाषांतर करून सांगणारा बारा वर्षांचा मुलगा मी बघितला आहे. त्याने ती बदलून सांगितली नाही. मला समजेल तेवढं स्पॅनिश येतं, म्हणून मला ते कळलं.

भाषेच्या धोरणाबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त वाचाल, कारण तिथे सगळ्यात जास्त राजकारण आहे. कायद्याचा पाया असा: १९६८ चा द्विभाषिक शिक्षण कायदा (तो २००२ मध्ये संपला). १९७४ चा लाउ खटला, तो सॅन फ्रान्सिस्कोच्या चिनी मुलांचा होता. न्यायालय म्हणालं की न समजणाऱ्या भाषेत सगळ्यांना तीच पुस्तकं देणं म्हणजे समान वागणूक नव्हे. मग १९८१ चा टेक्सासचाच कास्तान्येदा निकाल. त्याने तीन कसोट्या दिल्या: कार्यक्रमामागे पटण्याजोगा विचार हवा, तो राबवायला माणसं आणि साधनं हवीत, आणि त्यातून मुलं खरंच शिकली का ते तपासायला हवं. माझ्या अनुभवात शाळा पहिल्या कसोटीवर कागद रंगवतात, दुसरीवर अडखळतात आणि तिसरीपर्यंत क्वचित पोहोचतात.

यानंतर लंबक उलटा गेला. १९९८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी द्विभाषिक वर्ग जवळजवळ बंद केले, २००० मध्ये ॲरिझोनाने तेच केलं. ॲरिझोनात पुढे इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना रोज चार तास फक्त इंग्रजीच्या वर्गात बसवायचा नियम आला, आणि २०१९ च्या कायद्याने तो सैल होईपर्यंत दहाएक वर्षं चालला. माझी वेळापत्रकाची गोष्ट इथे पुन्हा आठवा. तिथला शाळेचा दिवस साधारण सहा तासांचा. चार तास व्याकरण, शब्दसंग्रह, वाचन, तेही इंग्रजी न येणाऱ्या मुलांच्याच सोबत. उरलेल्या दोन तासांत विज्ञान, इतिहास, गणित कसं बसवायचं? आणि जी मुलं इंग्रजी सहज बोलतात त्यांच्याशी बोलायलाच मिळालं नाही, तर इंग्रजी येणार कशी? कॅलिफोर्नियाने २०१६ मध्ये आपला निर्णय फिरवला, सुमारे ७३ टक्के मतांनी.

द्विभाषिक वर्गांचा खरंच फायदा होतो का, हा प्रश्न रास्त आहे. अडचण अशी की अशा वर्गात मूल घालणारे पालक आधीच जास्त सजग असू शकतात, मग फायदा वर्गाचा की पालकांचा? ओरेगॉनमधल्या पोर्टलंडचा अभ्यास मला म्हणूनच भरवशाचा वाटतो. तिथे जागा कमी आणि अर्ज जास्त असल्याने सोडत काढावी लागत होती. चिठ्ठी निघालेली आणि न निघालेली मुलं अशी तुलना झाली. द्विभाषिक वर्गातली मुलं इंग्रजी वाचनात पाचवीपर्यंत सुमारे सात महिने आणि आठवीपर्यंत सुमारे नऊ महिने पुढे निघाली. गणितात तोटा दिसला नाही. सबुरी मात्र हवी. पहिली-दुसरीत हा फायदा दिसेलच असं नाही, आणि नेमकं त्याच वयात मुख्याध्यापक घाबरून कार्यक्रम आवरता घेतात. टेक्सासमध्ये एका इयत्तेत एकाच भाषेची २० मुलं डिस्ट्रिक्टमध्ये असली की प्राथमिकला द्विभाषिक वर्ग द्यावाच लागतो, राज्याची परीक्षा तिसरी ते पाचवी स्पॅनिशमध्ये देता येते. सहावीत पाऊल टाकलं की ती सोय संपते. चौथीत आलेल्या मुलाला ही मुदत पुरते. सहावीत आलेल्याला तीच परीक्षा पहिल्याच वर्षी इंग्रजीत.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. शाळेत नाव घालताना घरी कोणती भाषा बोलता, हा फॉर्म भरावा लागतो. इंग्रजीखेरीज काही लिहिलं की मुलाची चाचणी होते. आपल्या मराठी पालकांत एकमेकांना सल्ला देतात, ‘इंग्लिशच लिही, नाहीतर पोराला त्या वर्गात टाकतील.’ मी दोन्ही बाजू बघितल्या आहेत. शिक्का मदत मिळवून देतो, आणि तोच शिक्का निघता निघत नाही. इथे तो काढायला दरवर्षीच्या इंग्रजी चाचणीत ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं चारही जमावं लागतं, शिवाय राज्याची वाचनाची परीक्षा. बोलण्याची चाचणी संगणकावर होते. एका खोलीत पंचवीस मुलं कानाला हेडसेट लावून एकाच वेळी माइकमध्ये बोलत असतात. माझ्या वर्गात दिवसभर इंग्रजीत भांडणारा, विनोद सांगणारा, इथेच जन्मलेला मुलगा तिथे शेजाऱ्याला ऐकू जाईल म्हणून चार शब्द पुटपुटतो आणि पुढचं वर्षभर ‘इंग्रजी शिकणारा’ राहतो. त्याचं संगीत किंवा तंत्रशिक्षण इंग्रजीच्या जादा तासात जातं. अशी मुलं नववीपर्यंत मला भेटतात, आणि तोवर ‘मला शाळा जमत नाही’ हे त्यांनी मनाशी ठरवलेलं असतं.

परीक्षेच्या धोरणाबद्दल थोडक्यात. २००२ पासून लागू झालेल्या केंद्रीय कायद्याने शाळांना लॅटिनो, इंग्रजी शिकणारी, गरीब अशा प्रत्येक गटाचा निकाल वेगळा दाखवायला लावला. त्याआधी सरासरीच्या पांघरुणाखाली ही मुलं झाकली जायची. हे फार मोठं काम झालं, आणि त्या कायद्याला शिव्या देणाऱ्यांनी ते विसरू नये. पण मी तेव्हा ज्या शाळेत होते तिथे शिक्षकांच्या खोलीत मुलांच्या नावांची तीन रंगांची चिठोऱ्यांची भिंत होती, आणि आम्हाला सांगितलं गेलं की पिवळ्यांवर लक्ष द्या, म्हणजे पास होण्याच्या काठावरच्यांवर. लाल चिठोऱ्यांत माझी अकरा मुलं होती. जानेवारी ते एप्रिल त्यांच्या वाट्याला उजळणीचे कागद आले. त्या चार महिन्यांचा राग मला अजून आहे.

भीती हा विषय शिक्षणधोरणाच्या पुस्तकात सापडणार नाही, पण हजेरीपटात सापडेल. टेक्सासने १९७५ मध्ये कागदपत्रं नसलेल्या मुलांसाठी शाळांना पैसे न देण्याचा कायदा केला होता. टायलर गावात अशा मुलांकडून वर्षाला हजार डॉलर फी मागितली गेली. १९८२ च्या प्लायलर निकालाने ते रद्द केलं, आईबापांच्या कृत्याची शिक्षा मुलांना देता येणार नाही म्हणून. तोही पाच विरुद्ध चार. आज माझ्या वर्गात मूल बसू शकतं ते त्या एका मताच्या जोरावर. शाळांच्या आवारात कागदपत्रं नसलेल्यांची धरपकड टाळण्याचं केंद्राचं मार्गदर्शन जानेवारी २०२५ मध्ये मागे घेतलं गेलं. त्यानंतरच्या काही सोमवारी माझ्या तिसऱ्या तासाला सहा-सात बाकं रिकामी होती. त्यातली बहुतेक मुलं अमेरिकन नागरिक आहेत. एकाने विचारलं, फोन टेबलावर उलटा न ठेवता सरळ ठेवू का, आईचा मेसेज दिसायला हवा. मी ठेव म्हटलं. त्या दिवशी त्याने गणिताचं एकही उदाहरण पुरं केलं नाही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी आधीच दाखवलं होतं की स्थानिक पोलिसांनी स्थलांतर खात्याशी करार केले त्या भागांतल्या शाळांत दोन वर्षांत लॅटिनो मुलांची पटसंख्या सुमारे दहा टक्क्यांनी घटली. आणि टेक्सासचा निधी पटावर मिळत नाही, सरासरी हजेरीवर मिळतो. म्हणजे मुलं घाबरून घरी राहिली की त्याच शाळेचा पैसाही कमी होतो.

कॉलेजच्या दाराबद्दल दोनच गोष्टी. १९९७ च्या कायद्याने टेक्सासच्या प्रत्येक हायस्कूलमधल्या वरच्या दहा टक्के मुलांना सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळू लागला. ऑस्टिनच्या विद्यापीठापुरती ती मर्यादा पुढे घटत गेली, पण सीमेवरच्या गावांतल्या शाळांतली मुलं या वाटेने तिथे पोहोचली. आणि २००१ मध्ये कागदपत्रं नसलेल्या, पण इथेच शिकलेल्या मुलांना रहिवाशांची फी लागू करणारं टेक्सास हे पहिल्या राज्यांपैकी होतं. जून २०२५ मध्ये तो कायदा कोर्टात बंद पडला. त्या आठवड्यात माझी एक माजी विद्यार्थिनी फक्त एवढं विचारायला आली की तिसऱ्या वर्षाची फी आता किती होईल.

प्रबंधासाठी माझं म्हणणं असं. ‘अमेरिका’ आणि ‘लॅटिनो’ एवढा मोठा घास घेऊ नका. एक राज्य, एक धोरण, एक आधी-नंतर निवडा. कॅलिफोर्नियाचं १९९८ आणि २०१६, किंवा २०१३ चा निधीचा नियम, किंवा टेक्सासचा आपोआप प्रगत गणितात बसवणारा कायदा. लॅटिनोंची तुलना भारतीयांशी करण्याऐवजी एका धोरणाखालच्या लॅटिनो मुलांची दुसऱ्या धोरणाखालच्या लॅटिनो मुलांशी करा. मग घर, भाषा, गरिबी बऱ्याच अंशी सारखी राहते आणि धोरणाचं माप मिळतं.

महाराष्ट्राशी जोडायचंच असेल, तर एक खरा धागा आहे. टेक्सासच्या रिओ ग्रान्दे खोऱ्यातली कुटुंबं वर्षानुवर्षं उत्तरेला मिनेसोटा आणि नॉर्थ डकोटात साखरेच्या बीटच्या शेतांवर कामाला जात आली आहेत. साखरेसाठीच शाळा बुडते, फक्त इथे ऊस नसून बीट आहे. १९६६ पासून अशा मुलांसाठी केंद्राचा वेगळा कार्यक्रम आहे. त्यात मूल गाव सोडून गेलं तरी त्याच्या नोंदी आणि पूर्ण केलेले विषय दुसऱ्या राज्यातल्या शाळेपर्यंत पोहोचवायचं काम असतं. साखरशाळांचा अभ्यास केलेल्या कुणाशी हे ताडून बघा.

आकडे कुठे मिळतील: टेक्सासचं शिक्षणखातं प्रत्येक शाळेचा निकाल गटवार दरवर्षी जाहीर करतं. केंद्राच्या नागरी हक्क कार्यालयाच्या माहितीसंग्रहात तर कुठल्या शाळेत किती लॅटिनो मुलं आणि किती इंग्रजी शिकणारी मुलं आठवीत बीजगणिताला बसली, हेसुद्धा सापडतं. निकालाचे तक्ते उघडण्याआधी तो तक्ता उघडा. दोन शेजारच्या शाळा घ्या, पटावरची लॅटिनो मुलं मोजा, बीजगणितातली मोजा. वाचताना कुठे अडलात तर मला विचारा, एखाद्या शाळेचा दिवस तासातासाने कसा वाचायचा ते मी सोबत बसून दाखवीन.